काढलेली चित्रं

बुलढाण्याहून पश्चिमेकडे निघालं की थोड्याच वेळात देऊळघाट लागतं. पैनगंगेच्या काठचं गाव. नदी इथे अजून लहान आहे, उगमापासून फार लांब आलेली नाही. तसंच डोंगरमाथ्याने पश्चिमेला जात राहिलं तर अजिंठा गाव येतं. नकाशावर दोन्ही गावं जवळपास एकाच रेषेत आहेत आणि दोन्ही एकाच डोंगररांगेवर. त्या रांगेचं नावही अजिंठ्याचंच. तरी वऱ्हाडातल्या माणसाच्या बोलण्यात अजिंठा म्हणजे 'तिकडे', मराठवाड्यात.

ही 'तिकडे'ची रेघ 1853 साली पडली. निजामाने फौजेच्या खर्चाच्या थकबाकीपोटी वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केला. देऊळघाट इंग्रजी कारभारात आलं आणि अजिंठा निजामाकडे राहिला. त्याच्या चौदाशे वर्षं आधी अशी काही रेघ नव्हती. लेण्यांतली सर्वांत देखणी चित्रं पाचव्या शतकात, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात रंगली आणि त्याच्या शाखेची गादी होती वत्सगुल्मला, म्हणजे वाशीमला. सोळावं लेणं खोदवून घेतलं ते त्याच्या वराहदेव नावाच्या मंत्र्याने. वाशीमला 1939 मध्ये एक ताम्रपट सापडला आणि वा. वि. मिराशींनी सोळाव्या लेण्यातला शिलालेख पुन्हा वाचून काढला, तेव्हा ही शाखा नीट उजेडात आली. तोपर्यंत वाशीमकरांनाही आपल्या पूर्वजांची ही मालमत्ता ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.

1853 ची रेघ पडली तेव्हा अजिंठा गावातल्या बारादरीत एक इंग्रज अधिकारी चित्रं काढत बसला होता. त्याला येऊन आठ-नऊ वर्षं झाली होती. सरहद्द कुठून कुठे सरकली याने त्याच्या कामात फरक पडला नसावा. त्याचं काम एका ओळीचं होतं: भिंतीवर जे आहे ते हुबेहूब उतरवून लंडनला पाठवणे.

मराठीत चित्र काढतात, फोटो काढतात आणि भिंतीचा गिलावाही काढतात. अजिंठ्यात हे तिन्ही झालं आणि तिसरं सगळ्यांत आधी झालं. 1819 च्या एप्रिलमध्ये मद्रास फौजेतल्या जॉन स्मिथने दहाव्या लेण्याच्या खांबावर, एका बोधिसत्त्वाच्या अंगावर, आपलं नाव आणि तारीख कोरून ठेवली. आज ते नाव डोळ्यांच्या पातळीच्या बरंच वर दिसतं, कारण त्या वेळी लेण्यात पुरुषभर दगडमाती साचलेली होती आणि स्मिथसाहेब तिच्यावर उभे होते. पुढच्या दशकात जेम्स बर्ड नावाच्या डॉक्टरने सतराव्या लेण्यातल्या मोठ्या चक्राच्या चित्रातल्या काही आकृत्या भिंतीवरून सोलून काढायचा प्रयत्न केला. त्यांचा भुगा झाला. हे चक्र बौद्धांचं भवचक्र, जन्ममरणाचा फेरा. साहेब लोकांना त्यात राशिचक्र दिसलं आणि लेण्याचं नावही त्यांनी 'राशिचक्राचं लेणं' असंच पाडलं. चित्र काय आहे हे कळण्याआधीच त्याचे तुकडे हातात यावेत असं वाटणारी ही पिढी होती.

तेव्हा नक्कल करून घेणं ही त्यातल्या त्यात सभ्य गोष्ट होती. जेम्स फर्ग्युसन या नीळव्यापारी वास्तुअभ्यासकाने 1843 मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत भारतातल्या लेण्यांवर निबंध वाचला आणि ही चित्रं फार दिवस टिकणार नाहीत, वेळेत उतरवून घ्या, असा धोशा लावला. कंपनीच्या संचालकांनी मनावर घेतलं. 1844 मध्ये मद्रास फौजेतल्या कॅप्टन रॉबर्ट गिलची नेमणूक झाली. तो चाळिशीला आला होता. शिकारीचा नाद होता, हात चित्रकलेत बरा होता. त्या काळच्या लष्करी माणसांना नकाशे आणि देखावे काढता यावे लागत, त्यातलाच हा. बायकामुलं होती, ती पुढे त्याच्यापासून दूरच राहिली.

आता त्याच्यापुढचं काम जवळून बघण्यासारखं आहे. डोंगर नालेच्या आकाराचा, खाली वाघूर. लेणी तीसच्या आसपास, त्यांत चित्रं नीट शिल्लक असलेली मोजकी, पहिलं, दुसरं, सोळावं, सतरावं ही मुख्य. आत अंधार. सकाळी किंवा संध्याकाळी दारातून तिरपं ऊन येतं तेवढा वेळ रंग दिसतात. एरवी आरशाने किंवा जमिनीवर पांढरं कापड पसरून उजेड वळवायचा, ही तिथल्या वाटाड्यांची जुनी युक्ती. भिंतीवर मातीचा गिलावा, त्यात भाताचा कोंडा आणि गवताचे तंतू, वर चुन्याचा हात आणि मग डिंकात किंवा सरसात कालवलेले रंग. इटलीतल्यासारखं हे ओल्या चुन्यात मुरवलेलं काम नाही. रंग पृष्ठभागावर बसलेला आहे, बोट लावलं तर हलतो. वटवाघळं, धूर, पाझरणारं पाणी, किडे यांनी जागोजागी पोपडे निघालेले. अशा भिंतीसमोर गिलने मोठमोठे कॅनव्हास ताणले आणि तैलरंगात काम सुरू केलं.

अडचण इथेच आहे. तैलरंग हे युरोपाच्या डोळ्याचं माध्यम. त्यात सावली दाट करता येते, गालाला गोलाई येते, प्रकाश एका बाजूने पडल्यासारखा दाखवता येतो. अजिंठ्याचा चित्रकार एका खिडकीतून येणारा प्रकाश दाखवतच नाही. तो नाकाच्या कडेला, हनुवटीखाली, पोटाच्या वळणावर रंग गडद करत नेतो आणि उंचवट्यावर फिका ठेवतो, म्हणजे आकार आतूनच फुगून वर आल्यासारखा दिसतो. विष्णुधर्मोत्तर पुराणातल्या चित्रसूत्रात या छटाकामाला 'वर्तना' म्हटलं आहे आणि तिचे प्रकारही सांगितले आहेत. पानावरच्या शिरांसारख्या रेघांची, बारीक ठिपक्यांची वगैरे. त्याच ग्रंथात चित्रांचे चार वर्ग केले आहेत आणि पहिल्या वर्गाचं नाव आहे 'सत्य'. जगाशी सारखेपणा असलेलं चित्र ते सत्य. म्हणजे वास्तवाचा विचार आमच्याकडे नव्हता आणि तो बोटीतून आला, हे खरं नाही. विचार होता, वेगळा होता. त्या ग्रंथाची चांगल्या चित्रकाराची एक कसोटी मला फार आवडते. झोपलेला माणूस आणि मेलेला माणूस यांतला फरक ज्याला दाखवता येतो त्याला चित्र कळतं.

ही कसोटी लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

गिलने जवळपास वीस वर्षांत सत्तावीस-अठ्ठावीस मोठी चित्रं पुरी केली. आजारपणं, वाघ, दुष्काळी रस्ते आणि सामान पोचायला लागणारे महिने जमेस धरले तर हा वेग वाईट नाही. चित्रं लंडनला गेली, सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लोकांसाठी टांगली गेली. 30 डिसेंबर 1866 ला तिथे आग लागली. टांगलेली सगळी चित्रं जळाली. जी चार-पाच त्या वेळी भिंतीवर नव्हती तेवढी वाचली. चौदाशे वर्षं कोंदट अंधारात टिकलेल्या चित्रांची नक्कल लंडनच्या दक्षिण उपनगरात, काचेच्या उजळ दालनात राख झाली. वाघूरकाठी मूळ चित्रं होती तिथेच होती.

तोवर गिलच्या हातात दुसरं यंत्र आलं होतं. 1850 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून तो फोटो काढू लागला होता. मुंबईत 1854 मध्ये फोटोग्राफिक सोसायटी निघाली होती, आणि तिच्यात साहेबांबरोबर आपले लोकही होते. डॉ. भाऊ दाजी लाड तिचे सभासद, त्यांचे भाऊ नारायण दाजी तर कॅमेऱ्यात चांगलेच तरबेज. याच भाऊ दाजींनी पुढे 1863 मध्ये अजिंठ्याच्या शिलालेखांवर निबंध वाचला आणि वाकाटक हे नाव त्या भिंतींशी जोडलं.

गिलच्या छायाचित्रांची दोन पुस्तकं 1864 मध्ये लंडनला निघाली. एकात फर्ग्युसनच्या मजकुराबरोबर लेण्यांची चौऱ्याहत्तर छायाचित्रं होती, दुसऱ्यात पश्चिम भारतातल्या वास्तू आणि वन्यजीवनाची शंभर जोडचित्रं. जोडचित्र म्हणजे एकाच दृश्याचे किंचित बाजूबाजूने घेतलेले दोन फोटो शेजारी चिकटवलेले. दोन भिंगांच्या पेटीतून बघितलं की खांब कागदातून उठून समोर उभा राहतो, मागचा गाभारा खोल जातो. तैलरंगाला वीस वर्षांत जे साधलं नाही ते या पेटीने क्षणात साधलं, असं लंडनच्या दिवाणखान्यात बसून बघणाऱ्याला वाटलं तर नवल नाही. गिलने अजिंठा-वेरूळवरच न थांबता लोणारच्या देवळांचेही फोटो काढले. अजिंठ्याहून लोणारला जायचं तर हाच बुलढाण्याचा माथा ओलांडावा लागतो. पेट्या, काचा आणि रसायनांच्या बाटल्या लादलेल्या बैलगाड्या या मुलखाने तेव्हा पाहिल्या असणार.

त्या काळी रूढ असलेली पद्धत फोटो काढणाऱ्याचा घाम काढणारी होती. काच स्वच्छ पुसायची, तिच्यावर कलोडियनचा चिकट थर सारखा पसरेल असा ओतायचा, अंधाऱ्या तंबूत ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात सरकवायची, झाकण काढून मोजत उभं राहायचं आणि थर वाळायच्या आत परत तंबूत नेऊन ती धुऊन घ्यायची. सगळा कारभार दहा-पंधरा मिनिटांचा. एप्रिल-मे महिन्यात आमच्याकडे ओला टॉवेल किती वेळात वाळतो हे ज्याला माहीत आहे, त्याला या कामाचा अंदाज येईल. वर चांदीच्या क्षाराने बोटं काळी पडतात ती वेगळीच.

पण खरी गंमत रंगांची. या काचांवरच्या थराला निळा उजेड तेवढा कळत असे. तांबडा आणि पिवळा त्याला अंधारासारखेच. अजिंठ्याची रंगपेटी काय होती? गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, चुना, हे सगळं आसपासच्या डोंगरातलं किंवा घरातलं. आणि एक महागडा निळा, लाजवर्द, तो मात्र पार अफगाणिस्तानाकडून आलेला. म्हणजे दहा आण्यांतले आठ आणे रंग तांबूस-पिवळे. पहिल्या लेण्यातला पद्मपाणी घ्या. झुकलेल्या पापण्या, हातात निळं कमळ, अंगाचा रंग फिकट सोनेरी, भोवती तांबूस आणि हिरवट गर्दी. त्या काळच्या काचेवर या अंगाची कांती काळवंडून जाणार आणि निळं कमळ पांढरंफटक पडणार. यंत्राने खोटं काही केलेलं नाही. त्याला जे दिसलं ते त्याने दाखवलं. पण डोळ्याला दिसणाऱ्या चित्राशी त्याचा संबंध उरला नाही. म्हणून लेण्यांच्या कमानी, खांब, दर्शनी भाग यांसाठी फोटो आणि चित्रांसाठी पुन्हा ब्रश, अशी वाटणी बराच काळ राहिली. कॅमेरा आल्यावर चित्रकाराचं काम संपलं असं सरसकट म्हणतात. अजिंठ्यात ते पुढे पन्नास वर्षं संपलं नाही.

गिलच्या चित्रांची राख झाल्यावर काम पुन्हा सुरू करायचं ठरलं आणि या वेळी ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेकडे आलं. तिथला शिक्षक जॉन ग्रिफिथ्स 1872 पासून विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जाऊ लागला. हे 1885 पर्यंत चाललं. या मुलांत पेस्तनजी बोमनजी होता, जो पुढे नावाजलेला तैलचित्रकार झाला. ही पोरं जे. जे. मध्ये ग्रीक पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतींवरून स्नायू आणि सावल्या गिरवून तयार झालेली. आपल्याच देशातली भिंत ती त्या शिकवलेल्या डोळ्याने बघत होती, आणि बघताना थोडी बदलतही होती, असा माझा तर्क आहे. पेस्तनजीची नंतरची चित्रं, घरातल्या उजेडात बसलेली पारशी माणसं, ही त्या दोन शाळांच्या मधली वाटतात.

त्यांच्या प्रतींत एक गोष्ट लक्षात येते. भिंतीचा पोपडा जिथे उडाला आहे तिथे त्यांनी पोपडाच काढला आहे. अर्धा हात गेलेला असेल तर अर्धाच. पडलेला हात मनाने पुरा करायचा मोह त्यांनी आवरला. वास्तव म्हणजे मूळ चित्रकाराने काढलेलं की आज समोर असलेलं, हा प्रश्न त्यांनी दुसऱ्या बाजूने सोडवला. त्यामुळे त्यांच्या प्रती आज एका वेगळ्या कारणासाठी मोलाच्या आहेत. 1870 च्या दशकात कुठला तुकडा जागेवर होता आणि नंतर गेला, हे त्या सांगतात. आणि जाण्याला थोडा हातभार याच लोकांनीही लावला. रंग स्पष्ट दिसावेत म्हणून भिंतीवर व्हार्निश फासलं गेलं. ते काही वर्षांत पिवळं पडलं, काळवंडलं आणि खालचा रंग धरून सुटू लागलं. पुढच्या पिढ्यांना पिवळसर अजिंठा बघायला मिळाला त्यात नक्कल करणाऱ्यांचा वाटा आहे.

ग्रिफिथ्स आणि मंडळींचं एक चित्र सगळीकडे गाजलं, सोळाव्या लेण्यातलं. मान एका बाजूला टाकलेली, पापण्या मिटत आलेल्या, दासी सावरते आहे, दुसरी वारा घालते आहे. ग्रिफिथ्सने हिला 'मरणासन्न राजकन्या' ठरवलं आणि तिच्या कारुण्याची तोंडभरून स्तुती केली. शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकापर्यंत हे नाव पोचलं. पण बाई मरत नाही. ती आहे सुंदरी, बुद्धाचा सावत्र भाऊ नंद याची बायको. नंदाने संसार सोडून भिक्षू व्हायचं ठरवलं आणि त्याचा मुकुट तिच्याकडे परत आला, त्या धक्क्याने तिला मूर्च्छा आली आहे. मुकुट धरलेला माणूस त्याच भिंतीवर आहे. चित्रसूत्राची कसोटी घ्या: झोप आणि मरण यांतला फरक चित्रकाराने दाखवला होता. बघणाऱ्याने परीक्षा नापास केली, आणि चौदाशे वर्षांपूर्वीच्या चित्राला नवं नाव चिकटलं ते आजही गाइडच्या तोंडी आहे.

जे. जे. च्या प्रती लंडनला साउथ केन्सिंग्टनला गेल्या. 1885 मध्ये तिथेही आग लागली. तीनशेच्या घरातल्या प्रतींपैकी शंभराहून जास्त जळाल्या. ग्रिफिथ्सचा दोन खंडांचा ग्रंथ मग 1896-97 मध्ये निघाला, उरलेल्या कामावर. योगायोग असा की त्याच 1885 साली त्र्यंबकेश्वरचा पंधरा वर्षांचा धुंडिराज गोविंद फाळके जे. जे. मध्ये दाखल झाला. पुढे त्याने पुराणवस्तू खात्यात फोटोग्राफीचंही काम केलं आणि 1913 मध्ये काढलेलं चित्र हलवून दाखवलं. ग्रिफिथ्स तेव्हा शाळेत होता, एवढंच म्हणतो. त्यापुढे धागा ओढायला मला पुरावा नाही.

यानंतरचे नकलाकार भराभर येतात. लेडी हेरिंगहॅम 1909 ते 1911 च्या दोन हिवाळ्यांत आल्या, बरोबर बंगालचे नंदलाल बोस, असितकुमार हालदार आणि हैदराबादचे सय्यद अहमद. यांना अजिंठ्यात सावली नव्हे, रेघ दिसली. त्यांचं 1915 चं पुस्तक बघितलं की तीच भिंत एकदम सडपातळ झालेली वाटते. बंगाली चित्रकलेने ती रेघ उचलली. मग जपानचे आराई कांपो आले. त्यांच्या प्रती टोकियोच्या विद्यापीठात ठेवल्या होत्या आणि 1923 च्या भूकंपात नष्ट झाल्या. लंडनला दोन आगी, टोकियोला भूकंप. अजिंठ्याची नक्कल घरात ठेवू नये, असं कुणी म्हटलं तर अंधश्रद्धा म्हणून सोडून द्यावं, पण हिशेब तरी असा आहे.

निजाम सरकारने 1920 मध्ये इटलीहून दोन कारागीर बोलावले. त्यांनी पोपडे चिकटवले आणि लाखेचा लेप दिला, तोही पुढे तपकिरी झाला. पुराणवस्तू खात्याचे प्रमुख गुलाम याझदानी यांनी 1930 ते 1955 या काळात रंगीत छायाचित्रांचे चार खंड काढले. आता काचेला तांबडा रंग दिसू लागला होता. 1990 च्या दशकात बिनॉय बहल यांनी झगझगीत दिवे न लावता, मंद उजेडात लांबवर उघड्या ठेवलेल्या झाकणाने जे फोटो काढले त्यांत पहिल्यांदाच रंगांची ती खोली दिसली, असं जाणकार म्हणतात. गिल आणि ग्रिफिथ्स यांच्या वाचलेल्या प्रती, दीडशेहून जास्त, आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत.

इथवर सगळं भिंतीचं झालं. माणसांचं राहिलं.

मापासाठी खांबाशी एखादा माणूस उभा करायचा, ही त्या काळच्या छायाचित्रांतली रीत. खांब किती उंच हे कळावं म्हणून. त्या माणसाचं नाव कुणी लिहीत नाही. अजिंठ्यात गिलने वीस-पंचवीस वर्षं काढली, तेव्हा डबा उचलणारे, पाणी आणणारे, आरसे धरणारे पुष्कळ असतील. त्यांतली एकच व्यक्ती नावानिशी उरली, आणि तीही फोटोत नाही, थडग्यावर. अजिंठा गावात गिलने बांधलेलं पारो नावाच्या बाईचं थडगं आहे. त्यावर इंग्रजीत ती आपली प्रिय होती, पटकीने गेली आणि 23 मे 1856 ला गेली, एवढं कोरलेलं आहे. एका लष्करी साहेबाने एका स्थानिक बाईसाठी दगडावर असं लिहावं, हे त्या काळात सोपं नव्हतं. आणि तरी पारोबद्दल खात्रीचं जे आहे ते इथे संपतं.

बाकी सगळं काढलेलं चित्र आहे. ना. धों. महानोर अजिंठ्याच्या पायथ्याच्या पळसखेड्याचे. त्यांचं 'अजिंठा' हे कथाकाव्य 1984 मध्ये आलं आणि गिल-पारोची गोष्ट मराठी घराघरांत गेली. 2012 मध्ये नितीन चंद्रकांत देसाईंनी त्यावर त्याच नावाचा चित्रपट केला, सोनाली कुलकर्णीने पारो रंगवली. त्या चित्रपटातली रानफुलांची, गाण्यांची, भिंतीवरच्या बाईसारखी दिसणारी पारो इतकी ठसली आहे की लेणी बघायला आलेले लोक गाइडला बुद्धाआधी तिच्याविषयी विचारतात. यात कवीचा किंवा दिग्दर्शकाचा दोष मी काढत नाही. त्यांनी इतिहास लिहायची हमी दिली नव्हती. पण दिसतं ते असं: परदेशी पुरुषाने भिंतीवरच्या बाया काढल्या, मग देशी पुरुषांनी त्या परदेशी पुरुषाची बाई काढली, आणि दोन्ही वेळा आधी ठरलं होतं की ती सुंदर आणि दुःखी असणार.

यावर डोंगराच्या अलीकडच्या बाजूने एक उत्तर फार आधी दिलं गेलं होतं, कुणी मागितलं नसताना. गिल एप्रिल 1879 मध्ये वारला, भुसावळला पुरला गेला. त्यानंतर तीन वर्षांनी, 1882 मध्ये, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचं 'स्त्रीपुरुष तुलना' पुण्यात छापून आलं. ताराबाई 1850 सालच्या, वडील बापूजी हरी शिंदे सरकारी कचेरीत कारकून आणि सत्यशोधक समाजाचे. सुरतेच्या विजयालक्ष्मी या तरुण विधवेला बालहत्येबद्दल झालेल्या शिक्षेवरून वर्तमानपत्रांनी बाईच्या जातीला जी दूषणं दिली, त्या संतापातून हे पुस्तक झालं. पण ताराबाई वर्तमानपत्रांवर थांबल्या नाहीत. त्या काळच्या 'मुक्तामाला', 'मंजुघोषा' अशा कादंबऱ्या, 'मनोरमा' नाटक, स्त्रीचरित्राच्या नावाखाली खपणारी पुस्तकं, यांची त्यांनी नावं घेऊन झडती घेतली. तुम्ही लिहिता तशी बाई तुमच्या घरात आहे का, आणि जे दुर्गुण तिच्या माथी मारता ते तुमच्यात नाहीत का, हा त्यांच्या विचारण्याचा रोख. मराठीत चित्रणावर, म्हणजे कुणी कुणाला कसं काढलं यावर, इतक्या आधी आणि इतक्या तिखट भाषेत कुणी लिहिलेलं मला माहीत नाही. आणि हे लिहिणारी बाई आर्ट स्कुलात गेलेली नव्हती. घराच्या उंबऱ्याआड वाढलेली होती.

पुस्तकाच्या पाचशे प्रती निघाल्या. जोतीराव फुल्यांनी 'सत्सार'मध्ये ताराबाईंची बाजू घेतली, कारण सत्यशोधक मंडळींतल्याही काहींना ते झोंबलं होतं. पुढे पुस्तक दिसेनासं झालं. स. गं. मालशे यांनी 1975 मध्ये ते शोधून पुन्हा छापलं, तोवर लेखिकेला जाऊन पासष्ट वर्षं झाली होती. अजिंठ्याच्या नकला जळाल्या तरी त्यांची बातमी झाली, नोंद झाली, भरपाईचं काम निघालं. ही मूळ प्रत होती, आणि ती हरवल्याचं फारसं कुणाच्या लक्षात आलं नाही.

नितीन देसाई 2 ऑगस्ट 2023 ला गेले, महानोर दुसऱ्या दिवशी. पारोची गोष्ट काढणारे दोघे एका दिवसाच्या अंतराने गेले, तेव्हा वर्तमानपत्रांत पारोची पुन्हा आठवण निघाली, अर्थात चित्रपटातल्या पारोची.

देऊळघाटवरून पश्चिमेला जाणारा माणूस लेण्यांकडे उतरण्याआधी अजिंठा गावातूनच जातो. घाईने घाट उतरू नका. गावात थांबून थडगं कुठे आहे ते विचारा आणि त्यावरची तारीख वाचून मग खाली उतरा.